गुबगुबीत अक्षरे वापरताना : हाताने रेखाटलेल्या गोलाकार, ठळक टाइपफेसची निवड, मांडणी आणि छपाई

टोके गोल, रेघ जाड, आतली पोकळी अरुंद आणि वळण हाताने काढल्यासारखे किंचित असमान, अशा अक्षरांच्या टाइपफेसला, म्हणजे एकाच वळणाच्या अक्षरसंचाला, या लेखात सोयीसाठी ‘गुबगुबीत’ म्हटले आहे. मुलांच्या पुस्तकांची मुखपृष्ठे, खेळण्यांची वेष्टने, ॲनिमेशनपटांची शीर्षके, खेळांची ॲप्स, स्टिकर, भित्तिपत्रके अशा अनेक ठिकाणी ही अक्षरे दिसतात आणि ती सहज कुठेही बसतील असा समज होतो. प्रत्यक्षात बारीक, सरळ अक्षरांपेक्षा ही अक्षरे सांभाळायला अधिक कठीण असतात. कारण साधे आहे. अक्षराचा बहुतेक भाग शाईने भरलेला असल्यामुळे वाचकाला ते ओळखता येते ते उरलेल्या थोड्याशा पांढऱ्या जागेवरून, आणि निवड, मांडणी, सजावट, छपाई यांपैकी प्रत्येक टप्प्यावर सर्वांत आधी तीच जागा बुजते. पुढच्या सर्व पायऱ्या ही पांढरी जागा शेवटपर्यंत शाबूत ठेवण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : अक्षराचा स्वभाव ओळखणे

या प्रकारच्या अक्षरांचे मूळ हाताच्या कामात आहे. शिकागोचे ऑस्वल्ड कूपर हे जाहिरातींसाठी हाताने अक्षरे रेखाटत असत. त्या वळणातून तयार झालेला ‘कूपर ब्लॅक’ हा जाड, मऊ कडांचा रोमन (इंग्रजी लिपीचा) टाइपफेस १९२२ मध्ये बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या शिकागोच्याच फाउंड्रीने (छपाईचे धातूचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने) बाजारात आणला. पुढे फोटोटाइपसेटिंग, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने फिल्मवर अक्षरे जुळवण्याची पद्धत, आल्यावर धातूच्या खिळ्यांची अडचण दूर झाली, अक्षरे एकमेकांना चिकटवून, प्रसंगी एकमेकांवर चढवूनही बसवता येऊ लागली आणि जाड, गोल अक्षरांच्या घट्ट मांडणीला मोकळे रान मिळाले. देवनागरीत मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे दोन टाइपफेस या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहेत. ‘मोदक’ हा अतिशय जाड असून त्याच्या अक्षरांतल्या पोकळ्या बारीक चिरेसारख्या उरतात, तर ‘बलू’ मोकळा, अधिक वाचनीय आणि देवनागरीबरोबर गुजराती, कन्नड, तमिळ, मल्याळम अशा अनेक लिप्यांत उपलब्ध आहे. हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून एकच शब्द टंकून पाहिला, तर गुबगुबीतपणाच्या पायऱ्या किती वेगवेगळ्या असू शकतात ते लगेच ध्यानात येते.

हाताने काढल्याचा आभास नेमका कशातून येतो, हेही एकदा बारकाईने पाहावे. एकाच अक्षरातली उभी रेघ वर थोडी अरुंद आणि खाली थोडी रुंद असते, शिरोरेषा काटेकोर सरळ नसून तिच्या कडा हलक्या फुगीर असतात, काना किंचित कललेला असतो. ही असमानता मोजून-मापून ठेवलेली असते. एका शब्दात तेच अक्षर दोनदा आले आणि दोन्ही ठिकाणी त्याचा तिरपेपणा अगदी तोच दिसला, तर हाताचा आभास तिथेच संपतो. म्हणून काही चांगल्या टाइपफेसमध्ये नेहमी लागणाऱ्या अक्षरांची पर्यायी रूपे दिलेली असतात. ती आहेत का, हे सॉफ्टवेअरच्या ग्लिफ पटलात (टाइपफेसमधली सर्व अक्षररूपे दाखवणाऱ्या चौकटीत) पाहून घ्यावे.

दुसरी पायरी : काम या अक्षरांचे आहे का, हे ठरवणे

माझी स्वतःची कसोटी शब्दसंख्येची आहे. एक ते पाच-सहा शब्दांचे शीर्षक असेल, वाचकाने ते एका नजरेत घ्यावे अशी अपेक्षा असेल आणि मजकुराचा भाव खेळकर, उत्साही किंवा जिव्हाळ्याचा असेल, तर गुबगुबीत टाइपफेस घ्यावा. मजकूर दोन ओळींच्या पुढे गेला की तो बाजूला ठेवावा. परिच्छेद, तक्ते, सूचना, औषधाच्या मात्रा, करारातील अटी, धोक्याचे इशारे आणि शोकसंदेश यांसाठी तो कधीही वापरू नये, कारण तिथे त्याचा गोडवा मजकुराच्या गांभीर्याला बाधा आणतो. व्हिन्सेंट कॉनेर यांनी १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी केलेला ‘कॉमिक सॅन्स’ चित्रकथांतील हस्ताक्षरावरून सुचलेला आणि मैत्रीपूर्ण संवादासाठी योजलेला होता. त्याच्यावर पुढे जी टीका झाली, तिचे मोठे कारण तो औपचारिक पत्रांवर आणि गंभीर सूचनांवर सर्रास वापरला गेला हे होते. अक्षर चांगले असूनही जागा चुकली की ते बदनाम होते.

तिसरी पायरी : चाचणीचा मजकूर लिहून टाइपफेस पारखणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच बहुतेक वेळा गाळली जाते. टाइपफेसच्या जाहिरातीत दाखवलेले शब्द निवडून घेतलेले असतात. त्यांत अवघड जोडाक्षरे सहसा नसतात. म्हणून आपला स्वतःचा चाचणी मजकूर तयार ठेवावा आणि प्रत्येक नवा टाइपफेस त्याच मजकुरावर तपासावा.

सुरुवात एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अक्षरांपासून करावी. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात असतो. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटते आणि तिथे एक लहानशी मोकळी जागा राहते. रेघ जाड झाली की ही जागा आक्रसते, आणि आकार लहान केला की ती दिसेनाशी होते. ‘ब’ आणि ‘व’, तसेच ‘ष’ आणि ‘प’ यांत फरक करणारी तिरपी रेघ तर अक्षराच्या पोकळीतच असते, त्यामुळे जाड टाइपफेसमध्ये ती पोकळी पूर्ण भरून टाकते. ‘धार’ आणि ‘घार’, ‘बेल’ आणि ‘वेल’, ‘भाऊ’ आणि ‘माऊ’ अशा जोड्या टंकून, ज्याला मजकूर ठाऊक नाही अशा व्यक्तीला दुरून वाचायला सांगाव्यात. बालकथांच्या एका मुखपृष्ठावर मी ही चाचणी केली नव्हती. छापून आल्यावर पहिल्याच लहान वाचकाने ‘भाऊ’ हा शब्द ‘माऊ’ असा वाचला, आणि मुखपृष्ठावर मांजर नव्हते. चूक टाइपफेसची नव्हती, न तपासता तो घेण्याची होती.

त्यानंतर वरच्या चिन्हांची गर्दी तपासावी. ‘मूर्तींचा’ या शब्दात वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात. ‘वर्षांपूर्वी’ या शब्दात कान्यावर रफार आणि अनुस्वार एकत्र येतात आणि पुढे ‘र्वी’मध्ये वेलांटीवर पुन्हा रफार येतो. कुशल अक्षररचनाकार अशा संयोगांसाठी स्वतंत्र रूपे काढतो आणि त्यांत अनुस्वाराचा ठिपका थोडा लहान, रफार थोडा बारीक केलेला असतो. जिथे हे काम केलेले नसते, तिथे तिन्ही चिन्हे मिळून एक काळा गोळा दिसतो. खालच्या बाजूसाठी ‘गुरू’, ‘हृदय’, ‘कुऱ्हाड’, ‘टूथब्रश’ असे शब्द घ्यावेत, आणि उकार अक्षराच्या पोटात घुसतो का, ते पाहावे.

जोडाक्षरांसाठी ‘उद्ध्वस्त’, ‘चिठ्ठी’, ‘विद्यार्थी’, ‘ब्राह्मी’, ‘लक्ष’, ‘ज्ञान’ हे शब्द पुरेसे आहेत. इथे दोन गोष्टी दिसून येतात. पहिली, टाइपफेसमध्ये ते जोडाक्षर आहे की हलंत चिन्ह लावून वेळ मारून नेली आहे. दुसरी, एकावर एक रचलेल्या जोडाक्षरात दोन्ही अक्षरांची जाडी योग्य प्रमाणात उतरवली आहे की नाही. ‘ठ्ठ’ मूळ जाडीनेच रचला, तर खालच्या ‘ठ’चे वर्तुळ भरीव ठिपक्यासारखे दिसते.

शेवटी खास मराठीच्या गरजा तपासाव्यात. ‘दऱ्याखोऱ्या’ या शब्दातील अर्धा र नीट उमटतो का, ‘ॲप’ आणि ‘ऑक्टोबर’ यांतील चंद्र योग्य जागी बसतो का, ‘ळ’ची दोन्ही वर्तुळे मोकळी राहतात का, हे पाहावे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठीत रूढ असलेली रूपे हिंदी मुद्रणातील रूपांहून वेगळी असतात. काही टाइपफेसमध्ये दोन्ही रूपे दिलेली असतात, मात्र मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवल्यावरच मराठी रूप समोर येते. म्हणून एखाद्या टाइपफेसमध्ये मराठी ‘ल’ नाही असे ठरवण्यापूर्वी सॉफ्टवेअरमधील भाषेची नोंद बदलून पाहावी. मजकुरात आकडे किंवा रोमन अक्षरे येणार असतील, तर तीही याच वेळी टंकावीत, कारण अनेकदा देवनागरी भाग काळजीने काढलेला असतो आणि रोमन भाग दुसऱ्याच वळणाचा असतो.

चौथी पायरी : परवाना वाचणे

‘विनामूल्य’ असे लिहिलेला प्रत्येक टाइपफेस व्यावसायिक कामासाठी खुला नसतो. काही केवळ वैयक्तिक वापरासाठी असतात. एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखालील टाइपफेस, ज्यांत वर उल्लेखलेले मोदक आणि बलू येतात, व्यावसायिक कामातही वापरता येतात, दस्तऐवजात अंतर्भूत करता येतात आणि त्यांत बदलही करता येतात. मात्र फॉन्टची फाइल तेवढीच स्वतंत्रपणे विकता येत नाही आणि बदललेला टाइपफेस त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. विकत घेतलेल्या टाइपफेसच्या बाबतीत मुद्रण, संकेतस्थळ, ॲप आणि बोधचिन्ह यांसाठी वेगवेगळे परवाने असू शकतात, म्हणून काम कुठे कुठे जाणार आहे हे आधीच ठरवून घ्यावे.

पाचवी पायरी : शब्द मांडणे

प्रथम सॉफ्टवेअर देवनागरी नीट जुळवते की नाही, याची खात्री करावी. अडोबीच्या इलस्ट्रेटर, फोटोशॉप आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (अक्षरे जुळवणारी सोय) किंवा दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. तो निवडला नाही, तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे फुटतात. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही जुळणी सहसा आपोआप होते.

आकार मोठा ठेवावा. पडद्यावर २४ पिक्सेलपेक्षा आणि कागदावर १८ पॉइंटपेक्षा लहान आकारात मी असा टाइपफेस वापरत नाही, आणि मोदकसारख्या अतिजाड वळणासाठी ही मर्यादा दुप्पट धरतो. दुरून वाचायच्या फलकासाठी, तीन मीटर अंतराला अक्षराची उंची सुमारे २५ मिलिमीटर असा ढोबळ हिशेब करता येतो. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजावी, वेलांटीपासून उकारापर्यंत मोजू नये.

अक्षरांमधील अंतर हा रोमन आणि देवनागरी मांडणीतला मोठा फरक आहे. रोमन अक्षरे सुटी असल्यामुळे ती थोडी दूर किंवा जवळ सरकवता येतात. देवनागरीत अंतर वाढवले की शिरोरेषेत फटी पडतात, आणि कमी केले की एका अक्षराचा काना दुसऱ्याच्या पोटात शिरतो. म्हणून हे अंतर शून्यावरच ठेवावे. शब्द घट्ट वाटत असेल, तर आकार वाढवावा किंवा कमी जाडीचे वळण निवडावे. अक्षरे आडवी ताणून किंवा उभी दाबून जागेत बसवण्याचा मोह टाळावा, कारण ताणल्यावर उभ्या रेघा जाड होतात, शिरोरेषा आहे तेवढीच राहते आणि गोल टोके लंबगोल होतात. सॉफ्टवेअरमधले ‘ठळक’ बटणही दाबू नये. त्या टाइपफेसमध्ये अधिक जाड वजन (जाडीची वेगळी आखलेली आवृत्ती) नसेल, तर सॉफ्टवेअर अक्षराची कड सर्व बाजूंनी फुगवते आणि पोकळ्या बंद करते.

शब्द दोन ओळींत येणार असतील, तर ओळींमधले अंतर डोळ्यांनी ठरवावे. जाड रोमन शीर्षके अगदी घट्ट बसवता येतात, पण देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. साधारणपणे अक्षराच्या आकाराच्या सव्वापट अंतरापासून सुरुवात करून हळूहळू कमी करत जावे आणि दोन चिन्हे टेकण्यापूर्वी थांबावे. ओळ कुठे तोडायची, हेही यासाठीच विचारपूर्वक ठरवावे. वरच्या ओळीतील उकाराच्या खाली दुसऱ्या ओळीतील बिनमात्रेचे अक्षर आले, तर दोन्ही ओळी एकमेकींत अलगद अडकतात आणि हाताने रचलेल्या शीर्षकाची घट्ट वीण मिळते. शीर्षकाचा शब्दक्रम बदलण्याची मुभा असेल, तर मी या एका कारणासाठीही तो बदलून पाहतो.

सहावी पायरी : खेळकरपणा वाढवणे

रोमन अक्षरांत प्रत्येक अक्षर वेगळ्या कोनात कलवून नाचरा परिणाम साधता येतो. देवनागरीत तसे केले, तर शिरोरेषा पायऱ्यांसारखी तुटते. त्याऐवजी संपूर्ण शब्द तीन ते सहा अंशांनी कलवावा, किंवा प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे थोडा वेगळा कलवावा. शब्द कमानीत बसवायचा असेल, तर रेषेवर मजकूर चालवण्याची नेहमीची सोय टाळावी, कारण ती प्रत्येक अक्षर सरळच ठेवून फिरवते आणि अक्षरांच्या सांध्यांवर शिरोरेषेला टोकदार भेगा पडतात. आधी अक्षरांचे बाह्याकृतीत (टंकलेल्या मजकुराऐवजी नुसत्या आकारांत) रूपांतर करावे, ते सर्व आकार एकत्र जोडून एक अखंड आकृती करावी आणि मग ती संपूर्ण आकृती वाकवावी. शिरोरेषा सलग वाकते आणि हाताने ओढल्यासारखी दिसते.

हे एकत्र जोडणे बाह्यरेघ देण्यापूर्वीही आवश्यक असते. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. न जोडता बाह्यरेघ दिली, तर प्रत्येक सांध्यावर एक उभी रेघ उमटते. बाह्यरेघ अक्षराच्या कडेच्या दोन्ही बाजूंना सारखी वाढते, म्हणजेच तिची अर्धी जाडी पोकळीत जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. उपाय सोपा आहे. शब्दाची एक प्रत मागे ठेवून तिला दुप्पट जाडीची बाह्यरेघ द्यावी आणि मूळ शब्द बाह्यरेघेशिवाय तिच्यावर ठेवावा. रेघेचे कोपरे ‘गोल’ या पर्यायावर ठेवावेत, नाहीतर मऊ अक्षरांभोवती अणकुचीदार काटे उभे राहतात. सावली द्यायची असल्यास ती कडक कडेची, एकाच दिशेला आणि उभ्या रेघेच्या जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नसावी. त्याहून मोठी सावली ‘ठ’ आणि ‘ळ’ यांच्या वर्तुळांत भरून बसते. बाह्यरेघ, सावली, रंगछटा आणि चमक यांपैकी एका शब्दाला फार तर दोनच गोष्टी द्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. अक्षर स्वतःच इतके बोलके असताना त्याच्यावर दागिने चढवले की त्याचे वळण दिसत नाही.

सातवी पायरी : सोबतचा टाइपफेस आणि रंग

शीर्षकाखालच्या मजकुरासाठी शांत, मध्यम जाडीचा, मोकळ्या पोकळ्यांचा टाइपफेस घ्यावा. ‘मुक्त’ हा त्याचा चांगला नमुना आहे. दोन गुबगुबीत टाइपफेस एकाच पानावर आणू नयेत. रंग सपाट आणि पार्श्वभूमीपासून स्पष्ट वेगळे असावेत. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोठ्या अक्षरांसाठी किमान ३:१ आणि लहान मजकुरासाठी ४.५:१ इतके रंगभेदाचे गुणोत्तर अपेक्षित आहे. पिवळ्यावर पांढरे किंवा गुलाबीवर नारिंगी अशा आवडत्या जोड्या या मोजमापात बऱ्याचदा नापास होतात.

आठवी पायरी : पडद्यासाठी तयारी

संकेतस्थळावर सर्वाधिक आढळणारी चूक मुख्य मथळ्याची असते. ब्राउझर मथळ्याला आपोआप ठळक वजन देतो. टाइपफेसमध्ये एकच वजन असेल, तर ब्राउझर स्वतः कृत्रिम जाडी चढवतो आणि आधीच जाड असलेली अक्षरे बुजतात. म्हणून मथळ्याचे वजन शैलीपत्रकात (सीएसएसमध्ये) स्पष्टपणे ‘सामान्य’ असे नोंदवावे. पानाची भाषा मराठी अशी घोषित करावी, अक्षर-अंतर शून्य ठेवावे आणि फाइल वॉफ-२ या वेबसाठीच्या फॉन्ट-स्वरूपात द्यावी. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते. ती हलकी करण्यासाठी अनावश्यक अक्षरे काढताना जोडाक्षरांचे नियम काढले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी, आणि हलकी केलेली फाइल तिसऱ्या पायरीतल्या चाचणी मजकुरावर पुन्हा तपासावी. ॲपच्या चिन्हात हा टाइपफेस वापरायचा असेल, तर एकच अक्षर घ्यावे. दोन अक्षरे त्या आकारात क्वचितच तगतात.

नववी पायरी : कागद, कापड आणि कटिंग

कागदावर शाई पसरते, आणि विनालेपाच्या कागदावर ती अधिक पसरते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील, तर ती शाई बाहेरून अक्षराकडे सरकते आणि अक्षर बारीक होते. पांढऱ्यावर गडद अक्षरे असतील, तर ती आत पोकळीकडे सरकते. दुसऱ्या प्रकारात धोका जास्त असल्यामुळे अरुंद पोकळ्या छपाईपूर्वी हाताने थोड्या रुंद कराव्यात, विशेषतः ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची मोकळी जागा आणि ‘ष’च्या पोटातल्या दोन फटी. काळी अक्षरे शक्यतो एकट्या काळ्या शाईत छापावीत, कारण चार शाई मिळून केलेला काळा रंग छपाईत केसभर सरकला तरी बारीक पोकळीच्या कडेला रंगीत झालर दिसते. मुद्रकाकडे फाइल देताना अक्षरे बाह्याकृतीत बदललेली प्रत द्यावी आणि मजकूर बदलता येईल अशी मूळ प्रत आपल्याजवळ जपून ठेवावी.

व्हिनाइल किंवा लाकडात कापायच्या अक्षरांसाठी सर्व आकार एकत्र जोडणे अनिवार्य आहे, नाहीतर यंत्र प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा कापते. गोल कोपरे या कामात फायद्याचे ठरतात, कारण ते व्हिनाइलवरून लवकर उचलले जात नाहीत. मात्र अनुस्वार, ‘ऑ’चा चंद्र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) हे सुटे तुकडे असल्याने ते चिकटवताना हरवतात किंवा सरकतात. त्यांची जागा दाखवणारा कागदी आराखडा सोबत द्यावा. स्टेन्सिल करायची असेल, तर उलट अडचण येते. ‘ठ’, ‘ळ’, ‘ब’ यांच्या पोकळ्या गळून पडतात, म्हणून त्यांना धरून ठेवणारे छोटे पूल आखावे लागतात, आणि ते पूल गोल टोकांचे ठेवले तर अक्षराच्या वळणात मिसळून जातात.

अंतिम मंजुरीपूर्वी शीर्षक प्रत्यक्ष आकारात छापून भिंतीवर लावावे आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून डोळे किंचित मिटून पाहावे. जी पोकळी तेव्हा दिसत नाही, तिथे फाइल पुन्हा उघडून बदल करावा.